धाकटा भाऊ आठवीपासून तणनाशक फवारतोय. मेंदूवर कायमचा परिणाम राहतो का?

आर्णीकडची_ताई

नमस्कार मंडळी. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, आर्णी तालुक्यात. मी नोकरीमुळे पुण्यात असते. घरी आई आणि धाकटा भाऊ. बाबा नाहीत. अडीच एकर कोरडवाहू आहे, कपाशी आणि मध्ये तुरीच्या ओळी.

भाऊ सोळा वर्षांचा, यंदा अकरावीला. आठवीत असल्यापासून पावसाळ्यात पंप पाठीवर घेतो. आधी आमच्याच वावरात मारायचा, मग शेजाऱ्यांच्या, आता गावात ज्याला माणूस मिळत नाही तो यालाच फोन करतो. पंपामागे चाळीस-पन्नास रुपये मिळतात. शनिवारी शाळा सुटली की दुपारपासून आणि रविवारी दिवसभर. कपाशीच्या ओळींतून ग्लायफोसेट (बियाणं चोर बीटीचं, म्हणजे तणनाशक सोसणारं विनापरवाना बियाणं, सगळ्यांकडे तेच आहे), धुऱ्यावर म्हणजे बांधावर पॅराक्वाट, आणि ज्वारी-गव्हात टू-फोर-डी. कोणत्या दिवशी काय मारलं ते त्याला नेमकं सांगता येत नाही. मालक डबा देतो, हा झाकणानं मोजून पंपात ओततो.

दिवाळीत घरी गेले तेव्हा त्याच्या उजव्या हाताकडे लक्ष गेलं. अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या नखांवर आडवे पांढरट पट्टे, आणि एका नखाचा कोपरा सुटून वर आलेला. विचारलं तर म्हणाला, ओतताना सांडतं थोडं, फवारणाऱ्या सगळ्यांचीच नखं अशी होतात. हातमोजे नाहीत. नोझल तुंबलं की काढतो आणि तोंडानं फुंकतो. हे त्यानं अगदी सहज सांगितलं, आणि मला दोन रात्री झोप लागली नाही.

पण मी लिहितेय ते वेगळ्या कारणासाठी. हा पोरगा बाजाराचा हिशेब तोंडी करायचा. आईनं आठवडी बाजारातून आणलेल्या पंधरा-वीस जिनसा भावासकट घडाघडा सांगायचा. आता सांगता सांगता मध्येच थांबतो, मागे जातो, चिडतो आणि उठून जातो. आई म्हणते, कोणी गंमत केली तरी त्याला ती गंमत आहे हे कळत नाही, अंगावर येतो. संध्याकाळी डोकं दुखतं. दहावीला मार्क बरे पडले होते, पण सहामाहीत गणितात नापास झाला.

२०१७ मध्ये आमच्या जिल्ह्यात फवारणीनं वीसच्या वर माणसं गेली, शेकडो दवाखान्यात होती. तेव्हा सगळी चर्चा कीटकनाशकांची होती. तेव्हापासून गावात एक समज पक्का बसलाय की कीटकनाशक ते विष, आणि तणनाशक म्हणजे नुसतं गवताचं औषध. ओकारी झाली नाही, चक्कर आली नाही, मग बाधा कसली?

मला एवढं समजून घ्यायचंय की या वयात हे अंगात गेलं तर मेंदूवर टिकून राहणारा परिणाम होतो का, काम बंद केलं तर भरून येतं का, आणि तपासणी कसली करायची. कृपया घाबरवू नका आणि उगाच धीरही देऊ नका. जे माहीत आहे तेच सांगा.

अमरावतीची_विषशास्त्र

ताई, मी विषशास्त्रात काम करते, म्हणून जरा लांबलचक लिहिते. आधी एक गोष्ट. तुम्ही तीन औषधं लिहिलीत आणि ती तिन्ही वेगवेगळी आहेत. "तणनाशक" या एका नावाखाली त्यांची मोट बांधली की गोंधळ होतो.

ग्लायफोसेट वनस्पतीतला असा एक रासायनिक मार्ग तोडतं जो माणसात नसतोच. "माणसाला काही करत नाही" हा समज तिथून आला. पण एक दार बंद म्हणजे सगळी दारं बंद असं होत नाही. टू-फोर-डी वनस्पतीच्या वाढीच्या संप्रेरकाची नक्कल करतं. आणि पॅराक्वाट या दोघांपेक्षा कितीतरी वाईट. ते पेशीत शिरून ऑक्सिजनचे विध्वंसक रेणू तयार करत राहतं, एकच रेणू पुन्हा पुन्हा तेच काम करतो. त्याला उतारा नाही. मूळ द्रावणाचा एखादा घोट पोटात गेला तरी माणूस वाचणं कठीण. म्हणून बाकी सगळं पुढे वाचा, पण नोझल तोंडानं फुंकणं आजच फोन करून थांबवा. दात घासायचा जुना ब्रश चालतो, गवताची काडी चालते.

आता मेंदूचं. तुमच्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळ जाणारा अभ्यास इक्वाडोरमधला आहे. अँडीजच्या डोंगरात पेद्रो मोंकायो नावाचा भाग आहे, गुलाबांच्या हरितगृहांनी भरलेला. तिथल्या ११ ते १७ वयाच्या ५१९ मुलामुलींची लघवी २०१६ मध्ये तपासली आणि त्याच सुमारास त्यांच्या मेंदूच्या कसोट्या घेतल्या: लक्ष, स्मरण, भाषा, आकार आणि जागा ओळखणं, आणि समोरच्याच्या चेहऱ्यावरून-बोलण्यावरून त्याचं मन ओळखणं. निष्कर्ष २०२३ मध्ये छापून आले. ग्लायफोसेट ९८ टक्के मुलांच्या लघवीत सापडलं, टू-फोर-डी ६६ टक्क्यांच्या. ज्यांच्यात टू-फोर-डी जास्त, त्यांचे गुण पाचही क्षेत्रांत कमी होते. ग्लायफोसेट जास्त असलेल्यांचे गुण समोरच्याचं मन ओळखण्यात कमी होते. आणि ही मुलं फवारणी करणारी म्हणून निवडलेली नव्हती, त्या भागात राहणारी होती.

हे वाचून तुम्ही लगेच आईचं "गंमत कळत नाही" हे वाक्य त्याला जोडाल. जोडू नका. हा अभ्यास एका वेळचा आहे. लघवी आणि गुण एकाच काळातले, त्यामुळे यातलं आधी काय आणि नंतर काय हे त्यातून ठरत नाही. शेकडो मुलांच्या सरासरीत दिसलेला फरक एका मुलाच्या स्वभावावर चिकटवता येत नाही. सोळाव्या वर्षी चिडण्याची इतर कारणंही पुष्कळ असतात.

"टिकून राहतं का" याचं उत्तर देताना मला कीटकनाशकांकडे जावं लागेल, कारण तिथे काम जास्त झालंय. इजिप्तमध्ये नाईलच्या त्रिभुज प्रदेशात मेनुफिया नावाचा प्रांत आहे. तिथेही कापूस, तिथेही उन्हाळ्याच्या हंगामात पाठीवर पंप घेतलेली किशोरवयीन मुलं. औषध क्लोरपायरीफॉस. तिथल्या संशोधकांनी अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर वर्षानुवर्षं ही मुलं तपासली. फवारणारी मुलं न फवारणाऱ्यांपेक्षा कसोट्यांत मागे होती, आणि हंगाम संपून काही महिने गेले तरी हा फरक मिटलेला नव्हता. औषध अंगातून निघून जातं, तरी परिणाम मागे राहू शकतो, एवढं त्यातून दिसतं. ते तणनाशक नव्हतं हे मात्र विसरू नका.

पॅराक्वाटचा प्रश्न आणखी लांबचा आहे. कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्यात पार्किन्सनच्या, म्हणजे कंपवाताच्या रुग्णांची घरं आणि जुन्या फवारणीच्या नोंदी जुळवून पाहिल्या. २००९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. ज्यांच्या घरापासून ५०० मीटरच्या आत पॅराक्वाट आणि मॅनेब हे बुरशीनाशक दोन्ही फवारलं गेलं होतं, त्यांच्यात धोका ७५ टक्क्यांनी जास्त निघाला. ज्यांना साठीच्या आत आजार झाला आणि ज्यांचा संपर्क १९७४ ते १९८९ मधला, म्हणजे ऐन लहानपणाचा किंवा तरुणपणाचा होता, त्यांच्यात चौपट. उंदरांच्या पिल्लांना ही दोन्ही औषधं दिली आणि मोठेपणी पुन्हा दिली, तेव्हा त्यांच्या मेंदूतल्या डोपामीन तयार करणाऱ्या पेशी (कंपवातात मरतात त्याच) जास्त मेल्या. लहानपणी झालेली इजा बाहेरून दिसत नव्हती, दुसऱ्या माऱ्यात उघडी पडली.

या वयात धोका वेगळा का? मेंदूचा कपाळामागचा भाग, जो आवर घालतो, नियोजन करतो, हिशेबाचा धागा धरून ठेवतो, तो विशीच्या मध्यापर्यंत तयार होत असतो. नको असलेले जोड छाटले जातात, राहिलेल्या तंतूंवर आवरण चढतं. ही छाटणी करणाऱ्या पेशी आणि मेंदूत दाह झाला की चवताळणाऱ्या पेशी एकच आहेत. म्हणून वाढत्या मेंदूत दाह झाला तर काय होईल याची चिंता संशोधकांना जास्त वाटते.

माझं मत विचाराल तर, तुमच्या भावाला यामुळेच हे झालं असं मी म्हणणार नाही. पण अठराच्या आतल्या मुलाच्या पाठीवर तो पंप नको, एवढं म्हणायला आजचा पुरावा पुरेसा आहे. आणखी पुराव्याची वाट त्याच्या अंगावर पाहायची नाही.

कृषी_पदवीधर_९४

वरचा प्रतिसाद चांगला आहे, पण एक शंका. ग्लायफोसेट उंदरांच्या मेंदूत राहतं असं गेल्या वर्षी सगळीकडे फिरत होतं. त्या उंदरांना दिलेली मात्रा किती होती हे कोणी सांगत नाही. फवारणाऱ्याच्या अंगात तेवढं कधी जाईल का? अशानं शेतकरी आधी घाबरतो आणि नंतर कशावरच विश्वास ठेवत नाही.

अमरावतीची_विषशास्त्र

शंका रास्त आहे. तुम्ही म्हणताय तो अ‍ॅरिझोनातला अभ्यास, डिसेंबर २०२४ मध्ये आला. उंदरांना १३ आठवडे ग्लायफोसेट दिलं, मग सहा महिने काहीच दिलं नाही, आणि त्यानंतरही मेंदूत त्याचा एक विघटित अंश सापडला, दाहही शमलेला नव्हता. मात्रा शरीराच्या दर किलोला रोज ५० आणि ५०० मिलिग्रॅम. ५० किलोच्या मुलाला लावून पाहिलं तर कमी मात्रेतही रोज अडीच ग्रॅम होतात, म्हणजे बाटलीतलं मूळ औषध अंदाजे पाच-सात मिलिलिटर दररोज पोटात. ग्लायफोसेट कातडीतून फार थोडं आत जातं, त्यामुळे फवारणाऱ्याच्या अंगात इतकं जात नाही. ते उंदीरही वयात आलेले होते, किशोर नव्हते. म्हणून मी तो आधी लिहिला नाही.

तरी मी तो मोडीत काढत नाही. सोडल्यानंतर सहा महिन्यांनी काय उरतं हा प्रश्न विचारणारे अभ्यास फार थोडे आहेत, आणि ताईंनी नेमकं तेच विचारलंय. शिवाय बाटलीत नुसतं ग्लायफोसेट नसतं. ते पानाला चिकटावं म्हणून घातलेली द्रव्यं असतात, आणि हा मुलगा तिन्ही औषधं आलटून पालटून, ओल्या शर्टावर, उघड्या हातांनी हाताळतो. अशा मिश्रणाची मात्रा मोजून कोणत्या उंदराला दिलेली नाही.

आणखी एक, तुम्ही पदवीधर आहात म्हणून मुद्दाम लिहिते. डब्यावरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण शेतकरी "किती धोक्याचं" म्हणून वाचतो. तो रंग ठरतो एका वेळी किती मात्रेनं प्रयोगातले निम्मे प्राणी मरतात त्यावरून. चार पावसाळे थोडं थोडं अंगावर घेतलेल्या पोराच्या स्मरणशक्तीबद्दल तो त्रिकोण एक अक्षरही सांगत नाही. कृषी सहायक मेळाव्यात एवढं जरी सांगू लागले तरी पुष्कळ होईल.

वऱ्हाडी_कास्तकार

ताई, मी दिग्रसकडचा. वाचून पोटात कालवलं. पण कास्तकाराची बाजूही कोणी मांडली पाहिजे म्हून लिहितो.

निंदणाले बाया मिळत नाही. मिळाल्या तर एकराचा निंदणाचा खर्च कापसाच्या भावात बसत नाही. पाऊस लागून राहिला की डवरा (कोळपं) चालत नाही, आठ दिवसात तण पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वर जाते. चोर बीटी काहून आलं? याच्यासाठीच आलं. २०१९ मध्ये अकोट तालुक्यात अकोली जहाँगीरले शेतकरी संघटनेनं उघड उघड लावून दाखवलं, हजारावर लोक होते. त्याच्यानंतर २०२२ मध्ये सरकारनं सांगितलं का ग्लायफोसेट फक्त परवानावाल्या कीड नियंत्रकानंच मारायचं. आमच्या गावात असा परवानावाला कधी आला नाही. पंप मारते कोण? ज्याले दुसरं काम नाही तो म्हातारा, नाहीतर शाळेतलं पोट्टं. मोठा माणूस पुण्याले, सुरतले गेला.

हे मी समर्थन म्हून नाही सांगत. कोण्या घरात काय अडचण हाय हे समजल्याशिवाय पोट्ट्याच्या पाठीवरचा पंप उतरत नाही, म्हून सांगतो.

आता माझी स्वतःची एक गोष्ट. टू-फोर-डी मारलेला पंप पऱ्हाटीले वापरायचा नाही, हे आमच्याकडे लहान पोरालेही माहीत हाय. चार पाण्यानं धुतला तरी जे काही चिकटून राहते, तेवढ्यानं पऱ्हाटीचं पान भेंडीच्या पानासारखं चिरते, शेंडा आकसते, पाती-फुलं गळते. दोन धुरे सोडून मारलं तरी वाऱ्यानं येते. म्हून मी टू-फोर-डीचा पंप वेगळा ठेवला, त्याले लाल कापड बांधलं, कोणाले हात लावू देत नाही. एक दिवस बायको म्हणाली, पऱ्हाटीसाठी पंप वेगळा ठेवला, पण मारणाऱ्या पोराचे कपडे वेगळे ठेवले का? मले उत्तर नाही आलं. त्या दिवसापासून मजुरीवर पोट्टे घेणं बंद केलं. आता मीच मारतो, पहाटे, वारा पडलेला असते तेव्हा, आणि नोझलले हुड (औषध उडू नये म्हून झाकण) लावून. जमीन कमी केली, मक्त्याचं वावर सोडून दिलं.

ग्रामीण_रुग्णालय_एमओ

ताई, मी शासकीय वैद्यकीय अधिकारी आहे, जिल्ह्याचं नाव लिहीत नाही. तपासणीबद्दल सांगतो.

लघवीत ही औषधं शोधता येतात, पण ती थोड्या दिवसांत निघून जातात. शेवटची फवारणी होऊन महिने लोटले असतील तर अहवाल स्वच्छ येईल आणि त्यातून काहीच सिद्ध होणार नाही. बाजारात "विषबाधेची रक्त तपासणी" म्हणून कोलिनेस्टरेज करून देतात. ती ऑर्गॅनोफॉस्फरस आणि कार्बामेट कीटकनाशकांसाठी आहे. तुम्ही लिहिलेल्या तिन्ही तणनाशकांचा तिच्यातून पत्ता लागत नाही. ती नॉर्मल आली म्हणून हायसं वाटून घेऊ नका. मात्र त्यानं कपाशीवर कीटकनाशकही फवारलं असेल तर आम्हाला सांगा. बहुतेक मुलं विचारल्याशिवाय सांगत नाहीत. मेंदूचा एमआरआय काढायला कोणी सांगितलं तर आधी कारण विचारा. या प्रश्नाचं उत्तर एमआरआयमध्ये दिसत नाही, आणि पाच-सहा हजार रुपये जातात.

नखांचं तुम्ही जे वर्णन केलंय ते पॅराक्वाटचं मूळ द्रावण हाताला लागणाऱ्यांत दिसतं. काम थांबलं तर नखं काही महिन्यांत नवी येतील. पण जिथे नख सुटलंय तिथे कातडी फाटलेली असेल, आणि फाटलेल्या कातडीतून पॅराक्वाट आत जातं. धडधाकट कातडीतून तेवढं जात नाही. म्हणून आत्ता, या नखांसह, त्यानं ते झाकण हातात धरूच नये.

आता चिडचिड, विसराळूपणा आणि गणित. माझ्याकडे असा मुलगा आला तर मी आधी हिमोग्लोबिन बघेन, बी-१२ बघेन (शाकाहारी असाल तर नक्कीच), थायरॉइड, नजर. विदर्भात आहात म्हणून सिकलसेलची (रक्ताच्या आनुवंशिक आजाराची) चाचणी झालेली नसेल तर तीही. झोप किती, रात्री मोबाईल किती. आणि वडील नाहीत म्हणालात. ते केव्हा गेले आणि त्यानंतर मुलाशी कोणी बोललं का, हे मी नक्की विचारेन. यातल्या पुष्कळ गोष्टी औषधानं किंवा बोलण्यानं सुधारतात. तणनाशकाच्या धास्तीत त्या निसटायला नकोत.

त्यानंतर जिल्हा रुग्णालयातल्या मानसतज्ज्ञाकडून लक्ष आणि स्मरण यांच्या कसोट्या करून घ्या. एकदा आता, आणि काम पूर्ण बंद ठेवून सहा-आठ महिन्यांनी पुन्हा. एका कसोटीतून फार कळत नाही, दोन्हींतला फरक बोलका असतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असतं, त्यांच्याकडून संदर्भ चिठ्ठी मिळाली तर पुढचं सोपं जातं.

भरून येतं का? या वयाचा मेंदू घडत असतो, म्हणून त्याला इजा लवकर होते. पण घडत असतो म्हणूनच सावरायची ताकदही त्याच्यात जास्त असते. मी हमी देत नाही. संपर्क थांबल्याशिवाय मात्र सावरण्याला सुरुवातच होत नाही.

एक विनंती. "तुझ्या डोक्यावर परिणाम झालाय" हे वाक्य त्याच्यासमोर घरात कोणीही उच्चारू नका. सोळा वर्षांच्या मुलाला ते जन्मभर पुरतं.

शाळेतला_मास्तर

मी नांदेड जिल्ह्यात माध्यमिक शाळेवर आहे. जुलै-ऑगस्टमध्ये वर्गातली मागची बाकं रिकामी असतात, हे आम्ही दरवर्षी पाहतो. एवढंच सांगतो की अठराच्या आतल्यांना घातक कामाला लावू नये, असा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १८२ क्रमांकाचा करार आहे आणि भारतानं तो २०१७ मध्ये मंजूर केलाय. मी हे पालकसभेत सांगतो. धमकी म्हणून नाही. मालकाला नाही म्हणायला पालकांना एक आधार लागतो, "मास्तर म्हणतात कायद्यात बसत नाही" हा आधार चालतो. ताई, तुमच्या आईला उपयोग झाला तर वापरा.

आर्णीकडची_ताई

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रत्येक प्रतिसाद दोन-दोनदा वाचला.

नोझलचं त्याच रात्री फोनवर सांगितलं. आधी हसला, मग पॅराक्वाटचा घोट वगैरे सांगितल्यावर गप्प झाला. डॉक्टर, तुमचं ऐकून डोक्याचं काही बोलले नाही, नुसतं नखांचं बोलले. नखाचं त्याला पटलं, कारण ते दुखतं.

आईशी बोलणं अवघड गेलं. ती म्हणाली, गॅसची टाकी त्याच्या पैशानं भरतो, त्याला त्याचा अभिमान आहे, तो मी कसा काढून घेऊ? हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. त्याच्यासाठी ती मजुरी नाहीच, बाबांच्या जागी उभं राहणं आहे. बाबा तो सातवीत असताना गेले, डॉक्टर. आणि पुढच्याच पावसाळ्यात त्यानं पंप घेतला. खरं सांगते, तुम्ही विचारेपर्यंत या दोन गोष्टी मी कधी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या.

आत्ता ठरलंय ते असं. मालकांना आई सांगणार, मास्तरांनी दिलेलं वाक्य वापरून. आमच्या अडीच एकरात पुढच्या वर्षी काय करायचं ते ठरलेलं नाही. कास्तकार काका, तुमचं मत हवंय. आणि त्याला पैसे मिळतील असं दुसरं काही काम सुचवाल का? त्याचा हात रिकामा राहिला तर तो पुन्हा पंपच उचलेल. बाबांचे जुने दोन शर्ट तो फवारणीला घालतो, आई ते घरच्या कपड्यांत धुते. त्यांचं काय करू? टाकून दे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

वऱ्हाडी_कास्तकार

ताई, अडीच एकरासाठी एवढं घाबरू नका. पहिलं म्हणजे ओळ सरळ आणि अंतर मोकळं ठेवा, म्हणजे डवरा दोनदा जास्त फिरते. सायकल डवरा घ्या, एक माणूस ढकलत नेते, बैल लागत नाही. पाऊस उघडला की दुसऱ्या दिवशी वावरात, तण दोन पानांवर असतानाच. मोठं झालं की सायकल डवऱ्याचं काम नाही. ओळीतलं राहिलेलं निंदाले दोन बाया पुरतात. शेजारच्या दोन-तीन घरांनी आळीपाळीनं एकमेकांचं निंदलं तर रोख पैसा कमी लागते, आमच्याकडे चालू हाय.

पोट्ट्यासाठी काम: वेचणीच्या दिवसात कोण्या बाईनं किती किलो वेचला हे लिहून ठेवाले माणूस लागते. संध्याकाळी काट्यावर उभं राहाचं, वहीत मांडाचं, शनिवारी पैसे वाटाचे. मी माझ्या गावात एका पोराले त्याचे पैसे देतो. तुमच्या गावातही पाच-सहा मोठे कास्तकार असतीलच, त्यांना विचारा. चुकलं तर बाया तिथल्या तिथं सांगतात, त्यांचा हिशेब पक्का असते. सुरुवातीले आईनं जवळ बसावं.

ग्रामीण_रुग्णालय_एमओ

शर्टांचं: टाकायची गरज नाही. घरच्या कपड्यांपासून वेगळे काढा, हातात रबरी मोजे घालून आधी वाहत्या पाण्याखाली धरा, मग साबण आणि गरम पाणी, दोन-तीनदा. उन्हात पूर्ण वाळवा. त्या बादलीत दुसरं काही भिजवू नका. आजवर आईंनी ते उघड्या हातांनी धुतलेत, म्हणून त्यांचेही हात आणि नखं बघून घ्या. धुतल्यानंतर ते शर्ट पुन्हा फवारणीला जाऊ देऊ नका, कपाटात ठेवा.

वडील गेले आणि लगेच पंप आला, हे तुम्ही लिहिलंत ते मानसतज्ज्ञाला जसंच्या तसं सांगा. जिल्हा रुग्णालयात जाल तेव्हा आठवी ते दहावीची गुणपत्रकं आणि यंदाच्या सहामाहीचे गुण बरोबर न्या. कधीपासून घसरण सुरू झाली ते कागदावर दिसलं की आम्हाला पुष्कळ मदत होते. शक्यतो सकाळी या, दुपारी मुलं दमलेली असतात आणि कसोटीचे गुण कमी येतात.

आर्णीकडची_ताई

गुणपत्रकं आईच्या पेटीत आहेत. शनिवारी गावी जातेय, सोमवारी त्याला घेऊन जिल्हा रुग्णालयात. काय निघतं ते इथेच लिहीन.